खिशातला यूव्ही मीटर: बागेत कितपत कामाचा?

तासगावकडच्या द्राक्षबागांत, एप्रिलच्या खरड छाटणीत, उन्हातले यूव्ही (अतिनील) किरण मोजणारा हा स्वस्त मीटर ढोबळ अंदाजापुरता ठीक. सेन्सर सूर्याकडे रोखू नका, आकडा फुगतो. आभाळाकडे तोंड करून सपाट धरा, अंगाची सावली टाळा.

खरी गोम सेन्सरमध्ये. त्वचा भाजते ती मुख्यतः यूव्ही-बी या प्रकारच्या किरणांनी, आणि असे सेन्सर बहुतेक यूव्ही-ए हा दुसरा प्रकारच टिपतात. खिडकीच्या काचेआड धरून बघा: काच यूव्ही-बी जवळपास सगळं अडवते, तरी आकडा शून्याकडे आला नाही, तर मीटरचा यूव्ही निर्देशांक (त्वचा भाजण्याच्या धोक्याचा आकडा) अंदाजपंचे आहे.

निर्देशांक ३ पासून टोपी, पूर्ण बाह्या. ८ च्या पुढे भरदुपारचं काम टाळा. फवारणीचा थर बसला की आकडा घसरतो (आणि ऊन सौम्य वाटतं!), म्हणून सेन्सर मऊ कापडाने पुसत राहा.