लँकेस्टरच्या आमिश शेतांमधून : रूट ३० टाळाल तरच उत्तम

न्यू जर्सी किंवा फिलाडेल्फियाहून सकाळी निघून रात्री परतता येईल अशा सहलींत पेनसिल्व्हेनियातील लँकेस्टर काउंटीचे, म्हणजे आधुनिक साधने टाळून साधेपणाने राहणाऱ्या आमिश या ख्रिस्ती पंथाच्या मुलखाचे, नाव आपल्या मराठी मंडळींत नेहमी निघते. मात्र ‘तिथे विशेष काही नाही’ असे सांगणारेही भेटतात, आणि ते बहुधा रूट ३० वरूनच परतलेले असतात. त्या रस्त्याचा मोठा भाग आउटलेट मॉल, हॉटेले आणि सिग्नल यांनी व्यापला आहे. त्याच्या उत्तरेकडून जाणारा रूट ३४०, म्हणजे जुना फिलाडेल्फिया पाइक, धरावा आणि बर्ड-इन-हँड हे गाव मागे पडले की निःशंकपणे आडरस्त्याला वळावे. खेचरांनी ओढलेली अवजारे, मका आणि तंबाखूची शेते, विजेची जोडणी मुद्दाम न घेतलेली घरे आणि, सोमवार असेल तर, घरापासून कोठाराच्या माथ्यापर्यंत कप्पीवर चढवलेले धुणे हे सारे या अरुंद रस्त्यांवरच पाहायला मिळते. पॅरडाइजजवळ बेलमाँट रोडवर १८९३ साली नव्याने बांधलेला छपराचा लाकडी पूल आहे. त्यावरून एका वेळी एकच गाडी जाते.

आमिश लोकांच्या करड्या रंगाच्या बग्ग्या घोड्याच्या चालीने जातात, त्यामुळे चढावर किंवा वळणावर त्यांना ओलांडण्याची घाई कदापि करू नये. बग्गीच्या पाठीवरचा नारिंगी त्रिकोण दिसताच वेग कमी करावा. आपले छायाचित्र काढले जाणे आमिश लोकांच्या धर्मश्रद्धेत बसत नाही. शेते आणि कोठारे हवी तेवढी टिपावीत, पण माणसांसमोर कॅमेरा धरू नये, हे मुलांना निघण्यापूर्वीच समजावून सांगावे.

रविवार मात्र टाळावा, कारण आमिश दुकाने आणि शेतावरची विक्री त्या दिवशी बंद असते. मंगळवार, शुक्रवार किंवा शनिवार निवडल्यास लँकेस्टर शहरातील सेंट्रल मार्केटही पाहता येते. स्ट्रासबर्गची वाफेच्या इंजिनाची आगगाडी मुलांना आवडेल. वेळ कमी असेल तर ती सोडावी, आडरस्ते सोडू नयेत.

जेवणाच्या बाबतीत शाकाहारी मंडळींनी फार अपेक्षा ठेवू नये. नूडल्ससारखा निरुपद्रवी वाटणारा पदार्थही पुष्कळदा कोंबडीच्या रश्श्यात शिजवलेला असतो, म्हणून विचारूनच मागवावा. त्यापेक्षा घरचा डबा न्यावा आणि शेताच्या फाटकाशी मांडलेला ताजा पाव, ॲपल बटर (सफरचंदाचा आटवलेला गोड गर) व भाज्यांचे आंबटगोड चाउचाउ लोणचे अवश्य घ्यावे. तेथे सहसा रोख पैसेच चालतात.