दादरमधील बनावट पार्किंग पावती

दिवाळीआधीच्या शनिवारी मी आईला कपडेखरेदीसाठी दादर पश्चिमेला घेऊन गेलो होतो. तिला गुडघ्यांमुळे फार चालवत नाही, म्हणून रानडे रोडच्या जवळच गाडी लावायला जागा शोधत होतो. एवढ्यात एका गल्लीच्या तोंडाशी नारिंगी जाकीट घातलेला, हातात पावतीपुस्तक असलेला तरुण पुढे आला आणि म्हणाला, "काका, इथे लावा, महापालिकेचं पे अँड पार्क आहे." मी शंका काढताच त्याने फुटपाथच्या कडेकडे बोट दाखवले. "पिवळा पट्टा असता तर नो पार्किंग. हा काळा-पांढरा आहे, बिनधास्त लावा."

त्यातले पहिले वाक्य खरे होते आणि म्हणूनच मी फसलो. रस्त्यांची मानके ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेच्या नियमांनुसार कडेवरचा सलग पिवळा रंग पार्किंगला मनाई दर्शवतो. काळे-पांढरे पट्टे मात्र केवळ रात्री कड नजरेस पडावी म्हणून रंगवलेले असतात, त्यांतून गाडी लावण्याची परवानगी मिळत नाही.

मी १०० रुपये दिले. दीड तासाने परतलो, तेव्हा पुढच्या चाकाला जॅमर होता आणि तो तरुण कुठेच नव्हता. आई पिशव्या सांभाळत एका बंद दुकानाच्या पायरीवर बसून राहिली. हवालदारसाहेबांनी फांदीआड गेलेला 'नो पार्किंग'चा फलक दाखवला आणि ५०० रुपयांचे ई-चलान केले. मग मी पावती नीट पाहिली: वर महापालिकेचे नाव छापलेले, पण अनुक्रमांक नाही, ठेकेदाराचे नाव नाही, दर नाही, वेळही नाही. गाडीचा नंबर तेवढा बॉलपेनने ठळक लिहिलेला होता आणि तोच पाहून मी निश्चिंत झालो होतो.

दंडाबद्दल माझी तक्रार नाही, कारण फलक शोधणे माझे काम होते. चीड येते ती आईची अडचण पाहून त्या तरुणाने ती वापरली याची. अधिकृत वाहनतळावर दरांचा फलक असतो. तो दिसल्याशिवाय कोणालाही पैसे देऊ नयेत आणि कोणी मागितल्यास महापालिकेच्या १९१६ या क्रमांकावर लगेच कळवावे. मी तिथे तक्रार नोंदवली असून पोलीस ठाण्यातही पावतीची प्रत दिली आहे. या भागात अशीच बिनक्रमांकाची पावती कोणाला मिळाली असेल, तर ती फेकून न देता तक्रारीसोबत जोडावी.