डॉक्टर उत्तम, रिपोर्ट मात्र कोड्यात

जखम दुखत नव्हती, म्हणून तीन आठवडे गप्प बसलो. शेवटी या लैंगिक आजारांच्या क्लिनिकमध्ये गेलो. डॉक्टरबाईंचा पहिलाच प्रश्न, "दुखतंय का?" मी ऐटीत "नाही" म्हणालो. "म्हणूनच काळजी," त्या म्हणाल्या.

मग कागदावर चित्र काढून समजावलं. शँक्रॉइड या लैंगिक आजाराचा जिवाणू हीमोफिलस डुक्रेई असं टॉक्सिन (विष) सोडतो, की ते थेट पेशीच्या डीएनएवर घाव घालतं. पेशी विभागायची थांबते, फुगते, मरते. ती जखम ठणकते. सिफिलिसच्या जिवाणूकडे असलं ओळखीचं विष नाही. तो गुपचूप रक्तात पसरतो, आणि जखम आपोआप भरली तरी आजार आत राहतो. गनोरियाचा जिवाणू स्वतःच्या आवरणाचे तुकडे सांडतो, त्यानं गर्भनलिकेतल्या केसाळ पेशी झडतात. हे ऐकून बायकोलाही तपासणीला नेलं. (घरचा तो संवाद इथे नको.)

रक्त, लघवी, पेनिसिलीनचं इंजेक्शन, सगळं एका फेरीत. इंजेक्शन जाम दुखलं. रिपोर्टमध्ये सिफिलिसच्या रक्ततपासणीपुढे नुसतं '१:३२' (रक्त किती पट पातळ करेपर्यंत तपासणी पॉझिटिव्ह येते, तो आकडा); अर्थ फोन करून विचारावा लागला, तोही दोनदा. गुप्ततेला मात्र पैकीच्या पैकी: नाव नाही, नंबर पुकारतात.