दंडावरचे बीपी यंत्र : काही महिन्यांच्या वापरानंतर, मुख्यतः कफविषयी, म्हणजे दंडाभोवती गुंडाळायच्या पट्ट्याविषयी

गेल्या दिवाळीच्या सुमारास यजमानांसाठी दंडावर बांधायचे डिजिटल बीपी यंत्र घेतले. त्याची इतर वैशिष्ट्ये सर्वांना ठाऊक आहेत; मी कफबद्दलच लिहिणार आहे, कारण समाधान आणि मनस्ताप दोन्ही त्या कापडी पट्ट्यामुळेच वाट्याला आले.

सुरुवातीला घरचा वरचा आकडा दवाखान्यातल्यापेक्षा सतत जास्त येत असे. अनेकांच्या बाबतीत याच्या उलट घडते, कारण डॉक्टरांसमोर रक्तदाब चढतो. म्हणूनच दवाखान्यात १४०/९० ही उच्च रक्तदाबाची सीमा मानली जात असताना घरच्या मोजणीसाठी ती १३५/८५ धरतात. यंत्रच सदोष असावे, असे तेव्हा माझे मत होते. मुलुंडमधील आमच्या डॉक्टरांनी यंत्र घेऊन बोलावले आणि आधी टेपने यजमानांचा दंड मोजला. तो ३५ सेंटिमीटर भरला, आणि खोक्यातला कफ होता २२ ते ३२ सेंटिमीटरचा. त्याच कंपनीचा मोठा कफ वेगळा मागवल्यावर आमचे आणि डॉक्टरांचे आकडे जवळजवळ जुळले, त्यामुळे यंत्राबद्दलची तक्रार मी मागे घेतली.

हे यंत्र नाडीचा आवाज ऐकत नाही. कफमधील हवेच्या दाबात होणारी सूक्ष्म आंदोलने टिपून त्यांवरून रक्तदाब काढते. कफ आखूड असला, तर धमनी दाबण्यासाठी अधिक दाब लागतो आणि आकडा फुगतो. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, मोठ्या कफची गरज असलेल्यांना नेहमीचा कफ लावल्यास वरचा आकडा सरासरी ४.८ ने जास्त आला, आणि त्याहून मोठा कफ लागणाऱ्यांमध्ये तब्बल १९.५ ने. अशा फरकावर गोळीचा डोस वाढू शकतो, म्हणून ही बाब मला किरकोळ वाटत नाही.

एवढे करून तो महागडा मोठा कफ पावसाळ्याच्या तोंडावर नळीच्या जोडापाशी हवा सोडू लागला. अंधेरीच्या सेवा केंद्रात उत्तर मिळाले, "मॅडम, वॉरंटी मशीनची आहे, कफची नाही." ज्या भागावाचून यंत्र एकही आकडा देऊ शकत नाही, तो वॉरंटीबाहेर ठेवायचा आणि त्यासाठी यंत्राच्या जवळपास निम्मी किंमत घ्यायची, हे मला अजिबात मान्य नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ या क्रमांकावर, तक्रार नोंदवल्यानंतर कफ बदलून मिळाला. त्याआधी प्रिन्सेस स्ट्रीटवरील सर्जिकल दुकानांतही मी चौकशी केली होती, परंतु दुसऱ्या बनावटीचा कफ लावू नका, असा प्रामाणिक सल्ला तिथल्या एका दुकानदाराने दिला.

आता पाच मिनिटे शांत बसून, पाठ टेकवून, हात हृदयाच्या पातळीवर टेबलावर ठेवून, मिनिटभराच्या अंतराने दोनदा मोजतो. सकाळचा चहा त्यानंतरच होतो. आकडे स्थिर आहेत आणि डॉक्टर आमची वही पाहूनच औषध ठरवतात.

यंत्राला पाचपैकी साडेचार तारे दिले असते. कफसाठी दीड तारा कापून तीन देते. कफचे माप खोक्याच्या दर्शनी बाजूवर ठळक छापले आणि त्यालाही यंत्राइतकीच वॉरंटी दिली, तर तो दीड तारा मी आनंदाने परत देईन.