विंच की टो-विमान? ऑस्ट्रेलियातल्या वसंतात ग्लायडिंग शिकायला निघण्याआधी

सप्टेंबर उजाडला की सिडनी-मेलबर्नमधल्या आपल्या मंडळींपैकी कुणीतरी मला विचारतंच, ग्लायडिंग शिकायचंय, कुठं जाऊ? मी दोन गावं सांगतो. मेलबर्नपासून चार-साडेचार तासांवर, डोंगरांच्या कुशीतलं माउंट ब्यूटी. आणि सिडनीहून डब्बो ओलांडून गेलं की सपाट मैदानावरचं नॅरोमाइन. पहिल्या ठिकाणी ग्लायडर, म्हणजे बिनइंजिनाचं विमान, विंचनं वर जातं, दुसरीकडे विमान दोरानं ओढून नेतं. तुमचं शिकणं कसं होणार हे बरंचसं यावरच ठरतं.

विंच म्हणजे धावपट्टीच्या पार टोकाला उभं केलेलं दांडगं इंजिन आणि त्याच्या ड्रमवर गुंडाळलेली किलोमीटरभर तार. तारेची कडी ग्लायडरच्या पोटाखालच्या हुकात बसते तेव्हा ‘खट्’ होतं आणि ते कानाआधी पाठीला कळतं. तार ताणली जाते, तीन-चार सेकंदांत जमीन सुटते, नाक आभाळाकडे होतं आणि अर्ध्या-पाऊण मिनिटात तुम्ही तीन-चारशे मीटरवर असता. पुण्यात हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरवर ज्यांनी हे अनुभवलंय त्यांना वेगळं सांगायला नको.

वर गेल्यावर थर्मल, म्हणजे वर चढणारा गरम हवेचा प्रवाह, मिळाला नाही, तर पाच-सहा मिनिटांत पुन्हा जमिनीवर. अनेकांना इथंच वाटतं की पैसे वाया गेले. मला उलट वाटतं. नवशिक्याला सगळ्यात जास्त सराव लागतो तो उतरण्याचा, आणि विंचवर दिवसाला तीन-चार वेळा उतरणं होतं. तार तुटली तर काय करायचं हे शिक्षक मुद्दाम करवून घेतात: आधी नाक खाली, वेग येऊ दे, मगच पुढचा विचार. हे हातात मुरलं की माणूस घाबरत नाही.

टो-विमानामागचा प्रवास संथ. पन्नास-साठ मीटरचा दोर, 600 मीटर उंची गाठायला पाच-सहा मिनिटं, आणि तेवढा वेळ समोरच्या विमानाशी जमवून घेत राहायचं. जगात बहुतेक ठिकाणी ग्लायडर टो-विमानाच्या पंख्यानं मागं फेकलेल्या हवेच्या झोताच्या वर राहतं. ऑस्ट्रेलियात झोताच्या खाली राहायची पद्धत आहे. सुरुवातीला हात आखडतात, घाम फुटतो. पण दोर सोडल्यावर शांत हवेतसुद्धा दहा-पंधरा मिनिटं हाताशी असतात. वळणं, वेग, ग्लायडर हवेत तिरकं सरकतंय का हे दाखवणारा, काचेवर चिकटवलेला लोकरीचा दोरा सरळ ठेवणं, सगळं निवांत शिकता येतं. खर्च मात्र प्रत्येक उड्डाणाला विंचच्या काही पट.

आता वसंताचं. उन्हाळ्यात आतल्या भागात पारा चाळिशीला जातो, थर्मल तीन हजार मीटरच्या वर नेतात, पण हवा फार धसमुसळी असते. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये थंड वाऱ्याची एखादी लाट येऊन गेली की हवा धुतल्यासारखी स्वच्छ होते. सकाळी ती नितळ, उतरण्याच्या सरावाला उत्तम. दुपारकडे कापसासारखे ढग धरतात आणि त्यांच्याखाली सौम्य थर्मल. शिकणाऱ्यासाठी याहून चांगले महिने मला माहीत नाहीत.

नॅरोमाइनला तेव्हा खाली कनोला या तेलबियांच्या पिकाचे पिवळेधमक चौकोन आणि हिरवा गहू पसरलेला असतो. डोळ्यांना सुख, पण शेतात उतरायची वेळ आली तर हेच पीक घातक. उभ्या गव्हात पंखाचं टोक अडकलं की ग्लायडर गर्रकन फिरतं, म्हणून या दिवसांत नजर चराऊ रानं शोधत राहते. कापणी झाली की हा घोर बराच कमी होतो. माउंट ब्यूटीला 1,986 मीटर उंचीच्या बोगाँग डोंगराच्या माथ्यावर अजून बर्फ, खाली दरी हिरवीगार. उन्हाच्या उतारांवर हवा वर चढते, पण उतरायला जागा मोजक्याच. विद्यार्थ्यानं धावपट्टी नजरेआड होऊ द्यायची नाही.

क्लबचं आयुष्य दोन्हीकडे सकाळी दवानं भिजलेले पंख पुसण्यापासून सुरू होतं. मग प्रत्येक ग्लायडरची रोजची तपासणी. गवतातून चालताना बूट घाला, तपकिरी साप याच दिवसांत बाहेर पडतात. घरट्याजवळून गेलात तर मॅगपाय पक्षी डोक्यावर झेपावतो. विंचच्या क्लबात माणसं जास्त लागतात: विंच चालवणारा, तार ओढून आणणारा, पंख धरून धावणारा, वेळ लिहिणारा. त्यामुळे तुम्ही पहिल्याच दिवशी कामाला लागता आणि संध्याकाळी बार्बेक्यूपाशी परके राहत नाही. शिक्षकसुद्धा स्वयंसेवक असतात. दोन तासांत उडून घरी परतायचा बेत असेल तर दोन्हीकडे जाऊ नका, अख्खा दिवस द्या.

माझं मत विचाराल तर, महिन्यातून दोन-तीन शनिवार-रविवार नक्की काढता येणार असतील तर विंच. वर्षातून एकच आठवडा रजा मिळते, किंवा विंचचा झटका मणक्याला सोसणार नाही असं डॉक्टर म्हणाले असतील, तर नॅरोमाइनसारखं मैदान बघा. आणि सुरुवात सप्टेंबरअखेर करा, म्हणजे कडक ऊन येईपर्यंत उतरण्याचा हात बसलेला असेल.

जाताना मऊ कापडाची टोपी घ्या, वर बटण नसलेली. टणक बटणानं कॅनॉपीवर, म्हणजे डोक्यावरच्या पारदर्शक झाकणावर, चरे पडतात. काठही आखूड हवा, कारण शिक्षक मागच्या सीटवरून तुमच्या डोक्यापलीकडे बघत असतो.