नमुना सब्लिमेशनचा, माल चिकटवलेल्या छपाईचा : कबड्डीच्या जर्सींमध्ये झालेली फसवणूक

सांगली-मिरज भागात कबड्डीचे संघ, गणेश मंडळे आणि शाळा दरवर्षी मोठ्या संख्येने जर्सी छापून घेतात. त्यांतील बहुतेकांना कापडावर उष्णतेने केल्या जाणाऱ्या छपाईचे प्रकार माहीत नसतात आणि नेमक्या याच गोष्टीचा फायदा काही व्यावसायिक घेतात. आमच्या मंडळाच्या बाबतीत हेच घडले. तसे दुसऱ्या कोणत्याही संघाच्या बाबतीत घडू नये, म्हणून सर्व तपशील येथे देत आहे. व्यावसायिकाचे नाव मात्र जाणीवपूर्वक देत नाही, कारण तक्रारीचा निकाल अजून लागायचा आहे.

मिरज तालुक्यातील आमच्या गावाच्या क्रीडा मंडळाने किशोर, कुमार आणि खुल्या गटांसाठी मिळून साठ जर्सींची मागणी सांगलीतील एका छपाईवाल्याकडे नोंदवली. काळ्या जर्सीवर पिवळा क्रमांक, पाठीवर खेळाडूचे नाव आणि छातीवर मंडळाचे चिन्ह, अशी रचना ठरली. त्याने दाखवलेला नमुना खरोखरच उत्तम होता. कापड हलके होते, हात फिरवला तरी छपाई कोठे सुरू होते हे कळत नव्हते, आणि ‘हे सब्लिमेशन आहे (म्हणजे रंग थेट धाग्यात शिरवणारी छपाई), कापड फाटेल पण रंग जाणार नाही,’ असे त्याने सांगितले. दर नगाला ३८० रुपये, म्हणजे एकूण २२,८०० रुपये ठरले आणि निम्मी रक्कम आगाऊ दिली गेली. हे पैसे गावातील द्राक्ष बागायतदारांनी आणि दुकानदारांनी मुलांसाठी वर्गणी म्हणून दिलेले होते, हे मुद्दाम सांगावेसे वाटते.

माल स्पर्धेच्या आदल्या रात्री हाती आला. प्रत्येक जर्सी घडी घालून पिशवीत बंद केलेली होती, नावे आणि क्रमांक यादीप्रमाणे जुळत होते आणि उरलेली रक्कम तेथेच घेतली गेली. पक्के बिल दोन दिवसांत देतो असे सांगून त्याने एक कच्ची पावती हातात ठेवली, तिच्यावर ‘जर्सी ६० नग’ एवढेच लिहिलेले होते.

दुसऱ्या दिवशी पहिल्याच सामन्यात आमच्या चढाईपटूची पकड झाली, बचावपटूंनी त्याला कमरेला धरून मागे खेचले आणि पाठीवरचा क्रमांक भाकरीच्या पापुद्र्यासारखा सुटून आला. कबड्डीच्या नियमांप्रमाणे जर्सीवर पुढे किमान ४ इंचांचा आणि मागे किमान ६ इंचांचा क्रमांक असावा लागतो. त्यामुळे पंचांनी हरकत घेतली ती योग्यच होती. त्या मुलाला दुसऱ्याची जुनी जर्सी घालून खेळावे लागले. सामने संपेपर्यंत आणखी काही जर्सींची हीच गत झाली आणि पहिल्या धुण्यानंतर तर बहुतेक नावांच्या कडा वर आल्या.

छपाईवाल्याला फोन केला तेव्हा तो प्रथम म्हणाला, ‘सर, तुम्ही गरम पाण्यात धुतल्या असणार.’ न धुतलेल्या जर्सीचे छायाचित्र पाठवल्यावर उत्तर बदलले आणि कबड्डीतल्या ओढाओढीला आम्ही काय करणार, असे तो म्हणू लागला. संघाची जर्सी कबड्डीसाठीच आहे हे त्याला पहिल्या दिवसापासून माहीत होते. त्यानंतर त्याने फोन उचलणेच बंद केले.

इचलकरंजीत छपाईचे काम करणाऱ्या एका परिचितांकडे नमुना आणि मिळालेला माल असे दोन्ही घेऊन गेलो, तेव्हा खरा प्रकार उलगडला. सब्लिमेशनमध्ये कागदावर छापलेला रंग साधारण २०० अंश सेल्सिअस तापमानाला वायुरूप होऊन थेट पॉलिएस्टरच्या धाग्यात शिरतो. म्हणूनच तो हाताला लागत नाही आणि सुटूनही येत नाही. ही छपाई सुती कापडावर टिकत नाही आणि गडद कापडावर उमटत नाही, कारण या पद्धतीत पांढरी शाई नसते. काळी सब्लिमेशन जर्सी हवी असेल तर पांढऱ्या पॉलिएस्टरवर काळा रंगसुद्धा छापावाच लागतो आणि अशी जर्सी उलटी केली की आतली बाजू पांढरट दिसते. नमुन्याची आतली बाजू तशीच होती. आमच्या साठ जर्सी मात्र आतूनबाहेरून सारख्याच काळ्या होत्या, म्हणजेच बाजारातून आणलेल्या तयार काळ्या टी-शर्टवर नावे आणि क्रमांक नुसते चिकटवलेले होते.

त्यांनी शिवणीच्या आत दुमडलेल्या कापडाचे दोन-चार धागे काढून जाळूनही दाखवले. पॉलिएस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो, तर सूत कागदासारखे जळून राख उरते. आमच्या धाग्यांनी दोन्ही लक्षणे दाखवली, म्हणजे कापडही ठरल्याप्रमाणे शुद्ध पॉलिएस्टर नव्हते.

चिकटवलेली छपाई मुळातच वाईट असते असे मात्र मी म्हणणार नाही. आमच्या जर्सींवरच्या प्रकाराला डीटीएफ (डायरेक्ट टू फिल्म) म्हणतात. फिल्मवर रंगीत आणि पांढरी शाई छापतात, ओल्या शाईवर गोंदाची पावडर पसरून ती तापवून वितळवतात आणि नंतर हीट प्रेसखाली साधारण १५० ते १६० अंशांना कापडावर दाबतात. फिल्म काढल्यावर पुन्हा एकदा दाब दिला तर ती बरीच टिकते, आणि अनेक प्रामाणिक कारागीर हे काम चोख करतात. आमच्या जर्सींवर पावडर नीट वितळलेलीच नव्हती आणि दुसरा दाबही दिलेला दिसत नव्हता. दर एका कामाचा घेतला, काम दुसरेच केले आणि तेही अर्धवट केले, ही माझी तक्रार आहे.

यापुढे कोणी मागणी नोंदवणार असेल तर छपाईची पद्धत, कापडाचा प्रकार आणि त्याचे जीएसएम (दर चौरस मीटरचे ग्रॅममधील वजन) या तिन्ही गोष्टी पावतीवर लिहून घ्याव्यात. सर्व माल छापण्यापूर्वी आपल्याच मापाची, आपल्याच रंगाची एक जर्सी तयार करून घ्यावी, ती उलटी करून पाहावी, छपाईची कड नखाने खरवडावी आणि कापड दोन्ही हातांनी ताणावे. डीटीएफ असेल तर एक दिवस थांबून थंड पाण्यात धुऊन पाहावी. पसंत पडलेला नमुना दुकानदाराकडे परत न देता स्वतःजवळ ठेवावा. स्पर्धेच्या आदल्या रात्री माल देण्याची तारीख तर मुळीच स्वीकारू नये. माल तपासायला वेळ मिळू नये, हाच त्यामागचा हेतू असतो असे आता माझे ठाम मत झाले आहे.

आम्ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवली आहे. तेथे तडजोड झाली नाही तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सांगलीच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाणार आहोत. व्यवहार ५ लाख रुपयांपर्यंतचा असेल तर तेथे शुल्क लागत नाही आणि कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. पावतीवर काहीच लिहिलेले नसले तरी ‘सब्लिमेशनच देतो’ असे त्याने स्वतःच्या आवाजात पाठवलेले व्हॉट्सॲप संदेश आमच्याकडे आहेत. ज्यांना असाच माल मिळाला असेल त्यांनी असे संदेश पुसू नयेत, ऑनलाइन भरलेल्या रकमेची नोंद काढून ठेवावी आणि किमान एक जर्सी न धुता बाजूला ठेवावी, कारण गरम पाण्यात धुतल्याचा आरोप खोडून काढायला तीच उपयोगी पडते.