अपग्रेडनंतर ड्रायव्हर दुरुस्त करून देतो म्हणणाऱ्यांपासून सावध राहा

विंडोज १० चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि चांगल्या चालत्या संगणकांवर विंडोज ११ चढवण्याची वेळ अनेकांवर आली. अशा अपग्रेडनंतर आवाज जाणे, वाय-फाय तुटत राहणे, पडदा लुकलुकणे किंवा टचपॅड बंद पडणे या तक्रारी नेहमीच्या आहेत आणि त्यांचे मूळ बहुतेक वेळा जुन्या व नव्या ड्रायव्हरच्या, म्हणजे विंडोजला एखादे उपकरण चालवू देणाऱ्या छोट्या सॉफ्टवेअरच्या, भांडणात असते. नेमक्या याच अडचणीत सापडलेल्या माणसांच्या शोधात काही लोक असतात. त्यांनी माझे पैसे घेतले, संगणक आधीपेक्षा वाईट अवस्थेत नेऊन सोडला आणि मागे परतण्याची वाटही पुसून टाकली. हे सविस्तर लिहिण्याचे कारण असे, की त्यांनी दाखवलेली जवळजवळ प्रत्येक गोष्ट माझ्या संगणकात खरोखरच होती; खोटा होता तो त्यांनी सांगितलेला अर्थ. ‘अनोळखी माणसावर विश्वास ठेवू नका’ एवढ्या सल्ल्याने अशा वेळी फारसे काही साधत नाही, कारण समोरचा माणूस स्वतःवर विश्वास ठेवा असे म्हणतच नाही. तो तुम्हाला तुमच्याच पडद्यावर विश्वास ठेवायला सांगतो.

अपग्रेड पूर्ण झाल्यावर लॅपटॉपचा आवाज कधी येई, कधी येत नसे. रिअलटेक ऑडिओ कन्सोल, म्हणजे आवाजाच्या चिपची सेटिंग्ज दाखवणारा प्रोग्रॅम, उघडले की ‘आरपीसी सेवेशी संपर्क होत नाही’ अशा अर्थाचा संदेश दिसे. संगणकातल्या सर्व उपकरणांची यादी दाखवणाऱ्या विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये ध्वनीच्या उपकरणावर पिवळा त्रिकोण होता आणि आत ‘कोड १०’, म्हणजे हे उपकरण सुरू होऊ शकत नाही, अशी नोंद होती. तो संदेश शोधयंत्रात टाकल्यावर सर्वांत वर जे पान आले, त्यावर लॅपटॉपच्या उत्पादकाचे बोधचिन्ह होते, मॉडेल निवडण्याची सोय होती आणि ‘मोफत ड्रायव्हर तपासणी’ असे मोठे बटण होते. ते पान उत्पादकाचे नव्हते. पैसे मोजून वरची जागा मिळवलेली ती जाहिरात होती आणि जाहिरात असल्याची बारीक अक्षरांतली खूण घाईत असलेल्या माणसाच्या नजरेत भरत नाही.

त्या पानावरून उतरवलेल्या प्रोग्रॅमने थोड्याच वेळात लाल अक्षरांची एक लांबलचक यादी समोर ठेवली. कीबोर्ड, माउस, डिस्क, बॅटरी, यूएसबी अशा कितीतरी ड्रायव्हरांपुढे ‘अतिशय जुना’ असा शेरा होता आणि शेजारी तारीख होती: २१ जून २००६. चिपसेटच्या, म्हणजे मदरबोर्डवरच्या मुख्य चिपांच्या, काही ओळींपुढे तर १८ जुलै १९६८ ही तारीख होती. यादीच्या खाली ‘प्रमाणित अभियंत्याशी बोला’ असे लिहून दूरध्वनी क्रमांक दिला होता. पलीकडचा माणूस अत्यंत सभ्यपणे बोलला. त्याने मला डिव्हाइस मॅनेजर उघडायला लावले, डिस्कच्या ड्रायव्हरची माहिती काढायला सांगितली आणि म्हणाला, “मॅडम, तारीख तुम्हीच वाचा. ही आमच्या प्रोग्रॅमने लिहिलेली नाही, तुमच्या विंडोजनेच लिहिली आहे.” मी वाचली. तीच होती, २१ जून २००६.

या तारखेपाशी थोडे थांबायला हवे, कारण सगळा सापळा तिच्यावर उभा आहे. विंडोजसोबत येणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या बहुतेक मूळ ड्रायव्हरांवर २१ जून २००६ हीच तारीख मुद्दाम छापलेली असते. ते ड्रायव्हर गेल्या महिन्यात बदललेले असले तरीही. एखाद्या उपकरणासाठी दोन ड्रायव्हर सारखेच जुळत असतील, तर विंडोज ज्याची तारीख नंतरची आहे तो निवडते. मायक्रोसॉफ्टने आपल्या सर्वसाधारण ड्रायव्हरवर ताजी तारीख घातली, तर प्रत्येक अद्यतनानंतर तो उत्पादकाच्या खास ड्रायव्हरला बाजूला सारील. तसे होऊ नये म्हणून तारीख जुनी ठेवलेली आहे आणि मायक्रोसॉफ्टचे अभियंते रेमंड चेन यांनी २०१७ मध्ये हे जाहीरपणे समजावून सांगितले आहे. १८ जुलै १९६८ हा इंटेल कंपनीच्या स्थापनेचा दिवस. इंटेलने आपल्या चिपसेटच्या माहिती-फायलींवर तो अशाच हेतूने घातला, म्हणजे खऱ्या ड्रायव्हरच्या जागी त्या फायली चुकूनही बसू नयेत. १९६८ साली आजचा एकही चिपसेट अस्तित्वात नव्हता, तेव्हा ही तारीख जुनेपणाचा पुरावा होऊच शकत नाही. ड्रायव्हर खरोखर कोणत्या आवृत्तीचा आहे हे तारखेखालच्या ओळीतील आवृत्ती क्रमांकावरून पाहावे. विंडोज ११ सोबत आलेल्या मूळ ड्रायव्हरांत तो बहुधा १०.०.२२००० किंवा त्यापुढच्या आकड्याने सुरू होतो. फसवणाऱ्याने मला तारखेची ओळ वाचायला लावली आणि तिच्या लगेच खालची ओळ वाचू दिली नाही, ही गोष्ट मला आजही बोचते, कारण त्याचे कौशल्य नेमके तेवढेच होते.

यानंतर त्याने दूरस्थ ताबा देणारे सॉफ्टवेअर बसवायला सांगितले आणि इव्हेंट व्ह्यूअर उघडून दाखवला. तिथे तांबड्या-पिवळ्या खुणांची रांगच रांग होती आणि त्यांतल्या बऱ्याच ‘डिस्ट्रिब्यूटेडकॉम १००१६’ या क्रमांकाच्या होत्या. हे ड्रायव्हर एकमेकांवर आदळत असल्याचे लक्षण आहे आणि लवकरच डिस्क निकामी होईल, असे त्याने सांगितले. १००१६ या नोंदी कामकाजावर काहीही परिणाम करत नाहीत आणि त्यांकडे दुर्लक्ष करावे, असे खुद्द मायक्रोसॉफ्टचे तांत्रिक टिपण सांगते. पूर्णपणे निरोगी संगणकाचा इव्हेंट व्ह्यूअर उघडला तरी चुका आणि इशारे दिसतातच, कारण तो नोंदींचा साठा आहे, आजाराचे निदान नव्हे. अपग्रेडनंतरच्या काही दिवसांत तर सेवा पुन्हापुन्हा सुरू-बंद होत असल्याने नोंदी आणखी वाढतात, आणि म्हणूनच हा खेळ अपग्रेड केलेल्या माणसावर हमखास लागू पडतो.

वार्षिक देखभालीचे पैसे कार्डावरून भरून झाल्यावर प्रत्यक्ष नुकसान सुरू झाले. आधी त्याने ‘कचरा साफ करतो’ म्हणून डिस्क क्लीनअप चालवले आणि ‘आधीची विंडोज’ या नोंदीपुढे खूण केली. अपग्रेडनंतर जुनी प्रणाली ‘विंडोज.ओल्ड’ या फोल्डरमध्ये दहा दिवस राखून ठेवलेली असते आणि तेवढ्या मुदतीत सेटिंग्जमधील ‘रिकव्हरी’च्या पानावरून ‘गो बॅक’ निवडून विंडोज १० वर परतता येते. त्या एका खुणेने ती सोय संपली. मुदत शिल्लक होती, पण परत जायला फोल्डरच उरला नाही. ज्याला अडचण खरोखर सोडवायची आहे असा तंत्रज्ञ ती सुटेपर्यंत त्या फोल्डरला हात लावणार नाही. या सगळ्या प्रकारात मला सर्वांत गंभीर वाटते ती हीच कृती, कारण गेलेल्या पैशांपेक्षाही हिची भरपाई कठीण आहे.

त्यानंतर त्याच्या प्रोग्रॅममधले एक ड्रायव्हर विंडोज बसवू देईना. त्याने ‘कोअर आयसोलेशन’मधील ‘मेमरी इंटेग्रिटी’ बंद केली आणि ते बसवले. ही सोय विसंगत ड्रायव्हरांना प्रणालीच्या गाभ्यात शिरू देत नाही. तिने अडवले म्हणजे ते ड्रायव्हर या सुरक्षेशी जुळत नाही, एवढेच समजायचे असते. संगणक पुन्हा सुरू झाला तेव्हा आवाज पूर्ण गेला होता, टचपॅडवर दोन बोटांनी पान सरकत नव्हते आणि जोडलेला दुसरा पडदा ओळखला जात नव्हता. यावर त्याचे उत्तर तयार होते: मदरबोर्डची चिप खराब होत आहे आणि वरच्या श्रेणीची योजना घ्यावी लागेल. तिथे मी संगणकाचे इंटरनेट तोडले आणि बोलणे संपवले.

मूळ बिघाड काय होता, हे ओळखीच्या एका जाणकाराने माझ्या शेजारी बसून दाखवले. जुना रिअलटेक ड्रायव्हर एकाच इन्स्टॉलरमध्ये स्वतःच्या कंट्रोल पॅनलसह येत असे. नव्या पद्धतीत मूळ ड्रायव्हर, उत्पादकाने जोडलेली विस्तार-फाइल, पार्श्वभूमीत चालणारी सेवा आणि मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून येणारे कन्सोल असे वेगवेगळे तुकडे असतात आणि ते एकमेकांशी जुळणारे लागतात. अपग्रेडमध्ये जुना संच अर्धवट मागे राहिला, विंडोज अपडेटने नव्या संचाचा काही भाग आणला आणि कन्सोल ज्या सेवेला शोधत होते ती चालूच नव्हती. डिव्हाइस मॅनेजरमध्ये उपकरणाच्या ‘डिटेल्स’ या पानावर ‘हार्डवेअर आयडी’ पाहिला की चिप नेमकी कोणाची हे कळते: १०ईसी हा रिअलटेकचा संकेतांक, ८०८६ इंटेलचा, १०डीई एनव्हिडियाचा. माझ्या लॅपटॉपवर त्या माणसाने बसवलेले ध्वनी-ड्रायव्हर त्याच कंपनीचे, पण दुसऱ्याच उत्पादकाच्या मॉडेलसाठी बनवलेले निघाले.

दुरुस्ती शांतपणे, क्रमाने करण्याजोगी होती. योग्य ड्रायव्हर उत्पादकाच्या संकेतस्थळावरून, पत्ता स्वतः टाइप करून आणि पूर्ण मॉडेल क्रमांक तपासून, आधीच उतरवून ठेवला. मग विंडोज अपडेटने मध्येच दुसरा ड्रायव्हर आणू नये म्हणून इंटरनेट बंद केले, उपकरण काढून टाकताना ‘या उपकरणाचा ड्रायव्हरही काढा’ या चौकटीत खूण केली आणि केवळ विंडोजचे सर्वसाधारण ‘हाय डेफिनिशन ऑडिओ डिव्हाइस’ उरेपर्यंत ते पुन्हापुन्हा केले. ‘पीएनपीयुटिल’ या आज्ञेने बाहेरून आलेल्या सर्व ड्रायव्हरांची यादी काढून त्या प्रोग्रॅमने पेरलेले उरलेसुरले तुकडेही शोधता आले. त्यानंतर उत्पादकाचा संच बसवला आणि मेमरी इंटेग्रिटी पुन्हा चालू केली. बिघाड अगदी नवा असेल, तर याच्याही आधी उपकरणाच्या ‘ड्रायव्हर’ पानावरचे ‘रोल बॅक ड्रायव्हर’ हे बटण वापरून पाहावे, आणि ते बटण फिकट असेल तर जुना ड्रायव्हर जपून ठेवलेला नाही एवढाच त्याचा अर्थ घ्यावा. यातल्या एकाही गोष्टीला पैसे लागत नाहीत.

काही अडचणी आपल्या हातून सुटणाऱ्या नसतात, हेही तितकेच खरे आहे. विंडोज ११ च्या सुरुवातीच्या काळात इंटेल स्मार्ट साउंड टेक्नॉलॉजीच्या १०.२९.०.५१५२ आणि १०.३०.०.५१५२ या आवृत्त्या इंटेलच्या अकराव्या पिढीच्या प्रोसेसरांवर निळा पडदा आणत, म्हणजे विंडोज अचानक कोसळवत होत्या, आणि मायक्रोसॉफ्टने असे संगणक अपग्रेडसाठी रोखून धरले होते. अशा वेळी योग्य आवृत्ती येईपर्यंत थांबणे हाच उपाय असतो, आणि ‘आत्ताच्या आत्ता करून देतो’ म्हणणाऱ्याकडे नसलेली वस्तू तो विकत असतो.

तपासणीचा निकाल आधीच ठरलेला असतो, ही माझी एकटीची शंका नाही. ग्राहकांच्या हिताचे रक्षण करणाऱ्या अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशन या सरकारी आयोगाने २०१९ मध्ये एक प्रकरण मिटवले, त्यात दोन कंपन्यांनी मिळून ३.५ कोटी डॉलर भरण्याचे मान्य केले. आयोगाचा आरोप असा होता, की ग्राहकाला सुरुवातीला विचारलेल्या चार प्रश्नांपैकी एकाचेही उत्तर ‘होय’ आले की तपासणीत काहीही आढळो, अहवाल बिघाडच दाखवत असे. २०२४ मध्ये संगणक-दुरुस्तीचे सॉफ्टवेअर विकणाऱ्या आणखी दोन कंपन्यांनी अशाच आरोपांवरून २.६ कोटी डॉलर भरण्याचे मान्य केले. म्हणून कोणत्याही ड्रायव्हर-तपासणी प्रोग्रॅमच्या यादीतली किमान एक ओळ डिव्हाइस मॅनेजरशी ताडून पाहावी: ज्या उपकरणावर पिवळा त्रिकोण नाही आणि जे नीट चालते, त्याचा ड्रायव्हर बदलण्याचे कारण नाही. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या त्रुटी-संदेशात दूरध्वनी क्रमांक कधीच नसतो, हेही लक्षात ठेवावे.

पैसे घेऊन झाल्यावरही हे लोक संगणकातून जात नाहीत. दूरस्थ ताब्याचे सॉफ्टवेअर माझ्या परवानगीशिवाय जोडता येईल अशा रीतीने, सेवा म्हणून बसवलेले आढळले. ते काढल्यावर सर्व पासवर्ड दुसऱ्या, स्वच्छ उपकरणावरून बदलावे लागले. वार्षिक योजनेचे आपोआप नूतनीकरण चालू ठेवलेले होते, म्हणून बँकेला लेखी तक्रार देऊन कार्ड बदलून घेतले. काही काळाने दुसऱ्याच आवाजात दूरध्वनी आला, की कंपनी बंद होत असून तुमचे पैसे परत करायचे आहेत, त्यासाठी संगणक जोडा आणि बँकेचे पान उघडा. हा याच धंद्याचा पुढचा भाग आहे. ताबा मिळाला की ते बँकेच्या पानावर दिसणारा आकडा ब्राउझरमध्येच बदलतात किंवा तुमच्याच एका खात्यातले पैसे दुसऱ्यात हलवतात, चुकून जास्त रक्कम आल्याचे भासवतात आणि ‘जास्तीचे’ पैसे भेट-कार्डांच्या रूपाने परत मागतात. एकदा पैसे दिलेल्या माणसाचा क्रमांक त्यांच्या यादीत राहतो, त्यामुळे असा दूरध्वनी येईल हे आधीच धरून चालावे आणि परतावा हवा असेल तर तो केवळ आपल्या बँकेमार्फतच मागावा.